वानराचा गोपनीय अहवाल

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी संध्याकाळी एकत्र बसून टीव्ही पाहायचे. टीव्ही तिथे आला कुठून, असं विचारू नका. प्राणी बोलतात हे तुम्हाला चालतं, मग टीव्हीनंच काय घोडं मारलंय?

पूर्वी ते आपल्याकडच्या हेरांच्या मालिका पाहायचे. त्यातला सिंह एकटा चाळीस शत्रू लोळवायचा आणि वर गाणंही म्हणायचा. प्राणी त्याला कंटाळले होते. मग विलायती मालिका सुरू झाली.

तिच्यातला हेर म्हणजे एक म्हातारा कोल्हा. अंगात मळका रेनकोट, समोर थंड झालेला चहा. जिना चढताना त्याला धाप लागायची. त्याची रजा नामंजूर व्हायची. धोक्याची खबर तो कुजबुजत सांगायचा, साहेब ती फायलीत ठेवायचे, आणि फितूर निघायचा तो शेजारच्याच टेबलावरचा. तीन-तीन भागांत एकदाही गोळी सुटायची नाही.

"हे खरं वाटतं," रानडुक्कर म्हणाला. तो जंगलाचा मुख्य अधिकारी होता आणि फायलींवरच झोपायचा. "आपल्या कचेरीत अगदी असंच चालतं."

मलाही ती मालिका आवडायची, खोटं कशाला बोलू.

आता या जंगलाची एक जुनी रीत होती. भिकोबा नावाचा वानर सागाच्या शेंड्यावर बसायचा आणि बिबट्या दिसला की खॅक् खॅक् ओरडायचा. ते ऐकून सगळे पळायचे. चंद्री नावाच्या चितळीचं पाडस तर जेमतेम आठ दिवसांचं होतं. त्याला वेळेवर आडोशाला न्यायचं, तर भिकोबाची हाक लवकर यायला हवी.

एकदा ऐन मालिकेत भिकोबा ओरडला. सगळे पळाले. पाडस वाचलं, पण फितूर कोण ते बघायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. चंद्रीच आधी बोलली.

"भिकोबाकाका, राग मानू नका. पण तुमचं ओरडणं फार गावंढळ वाटतं हो. तो कोल्हा बघा, किती हळू बोलतो."

"अगं, पण तुझंच पोर वाचलं ना?"

"वाचलं की. मी कुठं नाही म्हणते? पण जरा खऱ्या हेरासारखं करा."

"आजपासून लेखी अहवाल," रानडुकरानं ठरवून टाकलं. "बंद पाकिटात. वर 'गोपनीय' लिहायचं."

भिकोबाला आधी वाईट वाटलं. मग त्याला रेनकोट मिळाला. तो घालून शेंड्यावर बसल्यावर भिकोबा स्वतःवरच खूश झाला.

शेवटच्या भागाच्या दिवशी बिबट्या आला. भिकोबानं त्याला नाल्यापाशीच पाहिलं. खॅक् अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं आणि लिहायला घेतलं. 'संशयित नाल्याकडून येत आहे. चाल सावकाश. रोख पाडसाकडे.' पाकीट चिकटवून तो खाली उतरला.

रानडुकरानं टीव्हीवरची नजर न काढता पाकीट घेतलं आणि मांडीखाली ठेवलं. "जाहिराती लागल्या की बघतो."

या मालिकेत जाहिराती लागत नाहीत, हे भिकोबाला माहीत होतं. पण तो कोल्हाही साहेबांशी कधी वाद घालत नसे.

बिबट्या मागच्या बाजूनं आला. थोडा वेळ उभं राहून त्यानंही मालिका पाहिली. मग पाडसाची मान धरली आणि निघून गेला.

चंद्रीनं हंबरडा फोडला.

"शू," कुणीतरी म्हणालं. "कोल्ह्याची बायको गेली तेव्हा तो असा रडला का? नुसता खिडकीबाहेर बघत राहिला."

चंद्री थांबली नाही. मालिका संपेपर्यंत ती रडत होती, आणि नंतरही. मला अजून तिचं वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं. दिशा, चाल, रोख, सगळं तंतोतंत. भिकोबाला बढती मिळाली. कचेरीत टेबल मिळालं, साहेबांच्या शेजारचंच. सागाचा शेंडा तेव्हापासून रिकामा आहे. चंद्री चरता चरता मान वर करून तिकडे बघते.

तात्पर्य: मुलांनो, संकट दिसलं तर ओरडू नका. ओरडलात तर सगळे वाचतात आणि तुम्हाला गावंढळ म्हणतात. शांतपणे, सुवाच्य अक्षरात लिहून द्या. पाडस जातं, पण अहवाल अगदी खराखुरा होतो.