कपाळपट्टीतलं तिसरं नाणं

अम्मानजवळच्या सल्त गावात जुन्या नाण्यांची पारख उस्ताद शुक्रींइतकी कुणालाच नव्हती, आणि ही गोष्ट उस्ताद शुक्रींइतक्या वेळा कुणी सांगतही नव्हतं. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, म्हणून ते उस्ताद, म्हणजे मास्तर. निवृत्त झाल्यावर भिंग घेतलं आणि गावातले गल्ले, गाठोडी, म्हाताऱ्यांचे बटवे धुंडाळायला सुरुवात केली.

त्यांचा एक नियम होता. खोटं बोलायचं नाही. ठरलेली किंमत घासाघीस न करता द्यायची, आणि "हे खरं केवढ्याचं आहे?" असं कुणी विचारलंच तर खरं सांगायचं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. आपल्या हातात काय आहे तेच ज्याला ठाऊक नाही, तो विचारणार तरी काय! पुदिना विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या गल्ल्यातून दोन जुड्यांच्या भावात उचललेलं नाणं त्यांनी अम्मानला विकलं, तेव्हा घरात नवा फ्रिज आला. ही हकिकत ते सगळ्यांना अभिमानानं सांगत. म्हाताऱ्याला सोडून.

तर असे हे उस्ताद भाच्याच्या लग्नाचे फोटो आणायला फोटोवाल्याकडे गेले. एका फोटोत वरच्या आळीतल्या हाज मिथ्कालांची विधवा बहीण सबहा होती. गाव तिला उम्म हातिम, म्हणजे हातिमची आई म्हणे. नवरा घर बांधता बांधता वारला. चार भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडलाच नाही, आणि सबहा सहा वर्षं भावाच्या मागच्या खोलीत राहत होती. लग्नासाठी तिनं आपल्या आईची कपाळपट्टी बांधली होती. जुनी चांदीची नाणी एका रांगेत शिवलेली, आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे असते तशीच.

उस्तादांनी सवयीनं भिंग लावलं. डावीकडून तिसऱ्या नाण्यावर ते थांबले. तुर्की अमलातलं नाणं. साच्यावर वर्षाचा आकडा चुकलेला! चूक कळताच टाकसाळीनं ती नाणी वितळवली होती. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या रात्री उस्तादांना झोप लागली नाही.

बेत अगदी साधा होता. शुक्रवारी नमाजानंतर हाज मिथ्कालांकडे जायचं, पावसापाण्याचं बोलायचं, मग सहज म्हणायचं की अम्मानच्या सूनबाईला बैठकीच्या भिंतीवर लावायला काहीतरी हवंय. पूर्ण पट्टीचेच दहा दिनार द्यायचे, म्हणजे तिसऱ्या नाण्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. यात खोटं काही नव्हतं. सुनेला भिंतीवर खरंच काहीतरी हवं होतं. तिला घड्याळ हवं होतं.

शुक्रवारी त्यांची गाडी चालू होईना. डोंगरउतारावरच्या सल्तच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे गुडघे हातात घेऊन चढायच्या. शेजारी अबू दियाब आपल्या दोन मेहुण्यांना घेऊन नमाजाहून परतत होता. तो म्हणाला, बस, सोडतो. वाटेत म्हणाला, हाजकडे चाललोय तर आम्हीही भेटून घेऊ. आणखी थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि गाडी थांबवून मिठाईचा मोठा डबा घेतला.

शुक्रवारची दुपार. इस्त्रीचे पांढरे अंगरखे घातलेले चार वयस्क पुरुष. त्यातला एक, म्हणजे उस्ताद, पाच वर्षांपासूनचा विधुर. हातात मिठाई. आणि ज्या दारात उभे, त्या घरात विधवा बहीण. शाळेतल्या कुठल्याही पोरानं हे गणित सोडवलं असतं. मास्तरांना ते दिसलं नाही.

हाज मिथ्कालांनी डब्याकडे पाहिलं, मग उस्तादांकडे पाहिलं, आणि फार आदरानं सगळ्यांना बसवलं. कडू कॉफी आली. पेला हातात घेताना उस्तादांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. पट्टी तिथेच खिळ्याला टांगलेली! चार हातांवर तिसरं नाणं, आणि त्याच्यावरचा तो चुकीचा आकडा त्यांना भिंगाशिवाय वाचता आल्यासारखा वाटला. चष्मा सारखा करायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी भरला पेला तसाच खाली ठेवला.

सगळे त्या पेल्याकडे बघू लागले. पाहुण्यानं भरला पेला खाली ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्याचं काही मागणं आहे, आणि ते मान्य झाल्याशिवाय तो पिणार नाही. हाजनी किटली बाजूला ठेवली. अबू दियाबला वाटलं, बिचारा लाजतोय, म्हणूनच आपल्याला आणलं. त्यानं घसा खाकरला आणि दोन्ही घराण्यांचं कौतुक करत, अगदी रीतसर, उस्ताद शुक्रींसाठी उम्म हातिमचा हात मागितला.

उस्ताद ऐकत नव्हते. अम्मानचा व्यापारी किती देईल याचा ते हिशेब करत होते.

"घ्या उस्ताद, कॉफी घ्या," हाज म्हणाले. "माझ्याकडून होकार आहे."

उस्तादांना एवढंच ऐकू आलं, की कॉफी घ्या. त्यांनी घेतली. मग सोयरीक ठरल्यावर म्हणतात, आणि मयतालाही म्हणतात, त्या फातिहासाठी सगळ्यांनी हात उचलले. कुणीतरी वारलं असेल असं समजून उस्तादांनीही उचलले, आणि चेहरा शक्य तितका दुःखी केला.

तेवढ्यात आतून निरोप आला. उम्म हातिमला उस्तादांशी दोन शब्द बोलायचे आहेत. ती आतल्या ओसरीवर उभी होती. मधलं दार रीतीप्रमाणे उघडंच होतं, पण ती हळू बोलली.

"दादानं होकार दिलाय तो त्याचा. माझा मी देईन. त्याआधी एक विचारते. तीस वर्षं आपण एका गावात राहतो. लग्नाला मागणी घालण्यासारखं आजच माझ्यात काय दिसलं तुम्हाला?"

आता कुठे उस्तादांना सगळं उमगलं. मिठाई, मेहुणे, पेला, फातिहा, सगळं. क्षणभर असंही मनात आलं, की गप्प राहावं. लग्न होईल, आणि पट्टी आपल्या पायांनी घरी येईल. पण ती समोर उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सरळ प्रश्न विचारला होता.

"कपाळपट्टी," ते म्हणाले. "डावीकडून तिसरं नाणं."

सबहानं उघड्या दारातून पट्टीकडे पाहिलं.

"केवढ्याचं आहे?"

"तुमच्या घरावर स्लॅब पडेल. वर जिनाही होईल."

"आणि तुम्ही काय देणार होता?"

"दहा दिनार." मग आता सांगतोच आहोत तर, म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "पूर्ण पट्टीचे."

"गेल्या हिवाळ्यात मी ती विकायला काढली होती," सबहा म्हणाली. "दहा दिनार म्हणाला असतात, तर दिली असती. वर तुम्हाला दुवा दिला असता."

उस्तादांना पुदिनेवाला म्हातारा आठवला. त्यानंही दुवा दिला होता. वर आणखी एक जुडी फुकट दिली होती.

"बाहेर जा आणि सांगा, उम्म हातिमनं नकार दिला," ती म्हणाली. "तुम्ही मोडलंत असं झालं तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर तुम्हाला येणार नाही. बघा."

उस्ताद बाहेर आले आणि नकार मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. हाज मिथ्काल उठले, त्यांनी उस्तादांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. ज्या पाहुण्यानं माझ्या घरात पेला खाली ठेवला तो रिकाम्या हातानं जाणार नाही, म्हणाले, काहीही मागा. उस्ताद नको नको अशी मान हलवत राहिले. मदतीला पुन्हा अबू दियाबच धावला.

"हाज, आल्यापासून त्या पट्टीकडे बघतोय हो बिचारा. तिची आठवण म्हणून ती तरी द्या."

हाजनी पट्टी काढली आणि उस्तादांच्या दोन्ही हातांत ठेवली. बहिणीला मी दुसरी करून देईन, म्हणाले. उस्तादांच्या अंगठ्याखाली बरोबर तिसरं नाणं आलं. फुकट, मानानं, चार साक्षीदारांसमोर. कुणी काही विचारत नव्हतं. उघड्या दारापलीकडे सबहा उभी होती. नुसती पाहत होती.

उस्ताद दाराशी गेले आणि पट्टी तिच्या हातात दिली. "हातिमला उद्या पाठवा. अम्मानला कुणाकडे न्यायची ते लिहून देतो. लिहीन त्याहून कमी घेऊ नका."

या वाक्याचा अर्थ बैठकीतल्या कुणालाच कळला नाही. पण नकार पचवून बाईची आठवणसुद्धा परत करणारा असा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. धाकट्या मेहुण्यानं डोळे पुसले.

परतताना उतार संपल्यावर अबू दियाबनं उस्तादांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस. जरशला माझी चुलत बहीण आहे, तीही विधवाच. गरीब, सरळ बाई. आणि पट्ट्यांचंच म्हणशील, तर तिच्याकडे तसल्या तीन आहेत."

उस्ताद शुक्री खिडकीबाहेर बघत होते.

"जरशला," ते शेवटी हळूच म्हणाले, "कुठल्या बाजूला?"