मारोतीकाकांचा ओला समुद्र

मारोतीकाकांच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी तुम्हाला समुद्राला बोट लावावं लागतं. आदिलाबादेत समुद्र कुठला, असं विचारू नका. तो काकांच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. एक बंदर, धक्का, धक्क्यावर दोन छोटी माणसं आणि पाण्यात एक जहाज.

"वाळलं का पाहा बरं," काका म्हणतात. आपलं बोट निळं होतं.

"वल हाय," काका समाधानानं सांगतात आणि बोट पुसायला चिंधी देतात.

काका माझे शेजारी. सगळी नोकरी कापूस मार्केटात प्रतवारी करण्यात गेली. गाडीतला चिमूटभर कापूस ओढून बघायचा आणि निकाल द्यायचा, "वल हाय." समोरच्यानं कितीही शपथा घेतल्या तरी निकाल बदलत नसे. निवृत्तीनंतर त्यांना पापडात, बिस्किटात, पेपरातही ओल सापडू लागली. माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांना मुलीच्या मामाच्या शब्दात वल लागली होती. मी ऐकलं नाही, हे माझं नशीब.

अशा माणसाचं चित्र आठ महिने वाळू नये, याला काय म्हणावं?

त्यांचा एकुलता एक राजू जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला, तेव्हापासून हे वेड. काकांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे पैनगंगा. तरी मोबाइलवर बघून शिकायला बसले. पहिलं जहाज थेट कापसाच्या गाडीसारखं झालं, वर ताडपत्री बांधलेलं. व्हिडिओतल्या बाईंनी रंगात तेल घालायला सांगितलं. कोणतं, हे काकांनी नीट ऐकलं नाही. घरात घाण्यावरचं शेंगदाण्याचं होतं, तेच ओतलं.

"माहे भजे समुद्रात बुडवले यायनं," कमलकाकू आजही सांगतात.

रंगाच्या दुकानदाराकडून मला कळलं, की शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही, जवसाचं लागतं. शहाण्या माणसाला शिकवायची संधी कोण सोडतो? मी बाटली घेऊनच गेलो.

काकांनी ती कोनाड्यात ठेवली. "ठाऊक हाय मले. दिवाळीपासून ठाऊक हाय."

"मंग काऊन नाई बदललं?"

"वाळलं की जहाज हालत नाई गा."

तेव्हा मला उलगडा झाला. राजूनं सुट्टीची तारीख सांगितली, की काका चिंधीनं जहाज पुसून धक्क्याच्या जवळ काढत. सुट्टी पुढं गेली, की मागं. या ये-जा करण्यानं मधलं पाणी पार गढूळ झालं होतं. मी इतके दिवस त्याला काकांचं अडाणीपण समजत होतो, याची मला लाज वाटली.

गेल्या आठवड्यात जहाज धक्क्याला लागलं. राजूचं तिकीट झालं होतं. काकूंनी अनारशांचं पीठ केलं.

काल मी तिथं असतानाच फोन आला. बदलीचा माणूस आला नव्हता, राजूला आणखी दोन महिने थांबायचं होतं. "बरं बरं, तब्येतीले जप," म्हणत काकांनी फोन ठेवला. चिंधी उचलली, जहाजावर नेली आणि हात तिथंच थांबला.

काकू आतून पदराला हात पुशीत आल्या. त्यांनी चिंधी काढून घेतली.

"राहू द्या. लागलं तं लागलं काठाले."

त्या चित्राजवळ खाली बसल्या. धक्क्यावरच्या दोन माणसांतल्या पदर घेतलेल्या ठिपक्याकडे त्यांनी बोट केलं.

"हे मी व्हय ना?"

"हो."

"लई मांगं उभी केली मले तुमी. जराशी फुडं घ्या."

काकांनी त्या ठिपक्याला हलकेच बोट लावून पाहिलं.

"वल हाय अजून," ते म्हणाले. "सरकशीन."