नवरदेवाचं वय

अंतरपाट धरला होता. सगुणा धवलारीण गळा साफ करून पहिली ओळ उचलणार, इतक्यात पुढच्या खुर्चीवरून फौजदारसाहेब उठले आणि म्हणाले, "थांबा!"

पावणे गावच्या त्या मांडवात थांबायला कोणालाच सवड नव्हती. नवऱ्याकडचं, करावे गावचं वऱ्हाड खाडीतून होड्यांनी आलं होतं आणि ओहोटीने पाणी उतरायच्या आत नवरी घेऊन निघायचं ठरलं होतं. सगुणा तर थांबणारी बाईच नव्हे. या भागात भटजी मंगलाष्टकं म्हणतो खरा, पण धवलारीण लग्नाची गाणी गायल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी धरत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण साहेब ते साहेब. बिचारी उघडलेलं तोंड मिटून उभी राहिली.

साहेबांना आणलं होतं नवरीच्या बापानेच. गोटीरामला मोठेपणाची भारी हौस. साहेब नवीनच बदलून आलेले, ते मांडवात बसले तर गावात वजन वाढेल, म्हणून त्याने शेजाऱ्याची हातवाली खुर्ची मागून आणली आणि अगदी पुढे मांडली. त्या खुर्चीतून नवरदेव स्वच्छ दिसत होता, आणि तेच नडलं.

"हा मुलगा फार तर पंधरा वर्षांचा आहे," साहेब म्हणाले. "बालविवाह गुन्हा आहे. हे लग्न लागणार नाही."

करावेकर खदखदून हसले. साहेबांना हसलेलं आवडत नसे. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

आता नवरदेवाचं, म्हणजे जयदेवचं, सांगायचं तर त्याला छत्तिसावं सरलं होतं. पण देवाने त्याच्या तोंडाचं काम सोळाव्या वर्षी जे थांबवलं ते पुन्हा हातात घेतलंच नाही. मिशी नाही, दाढी नाही, आवाज पोरसवदा. गेल्या निवडणुकीत तो मत द्यायला गेला, तर "बापाला पाठव" म्हणून त्याला परत लावलं. ठाण्याच्या न्हाव्याने तर न विचारताच खुर्चीवर लहान पोरांची फळी टाकली होती. यात हसण्यासारखं काही नव्हतं. कारण त्याचं लग्न जमत नव्हतं. खरं वय सांगितलं की लोक म्हणत, "छत्तीस आनि मिशी नाय? पोऱ्याला कायतरी दुखनं हाय." न सांगितलं तर म्हणत, "पोर लहान हाय, दोन-चार वर्सांनी बघू." ही दोन-चार वर्षं पंधरा वर्षं चालली होती. मग गोटीराम आला, त्याने जयदेवला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि आपणहून म्हणाला, "एकवीस असंल ना?"

जयदेवचा बाप रामचंद्र खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "समजा."

आणि आता भर मांडवात फौजदारसाहेब त्याच रामचंद्राला विचारत होते, "तुम्ही वडील ना? वय सांगा मुलाचं."

रामचंद्राने साहेबांकडे पाहिलं, शेजारी उभ्या गोटीरामकडे पाहिलं.

"एकवीस समजा, सायेब."

"समजा म्हणजे? पुरावा काय?"

"सायेब, मी मोठा हाय," नवरदेव मुंडावळ्यांआडून किनऱ्या आवाजात म्हणाला.

"सगळी मुलं हेच म्हणतात. तू गप बस, बाळ."

तेवढ्यात करावेकरांची सुईण यशोदाबाई पुढे झाली. "सायेब, ह्याची नाल मी कापली. बांध फुटला त्या साली."

"कुठल्या साली?"

"सांगितला ना? बांध फुटला त्या साली."

यावर बांध भरतीने फुटला की खेकड्यांनी पोखरून, असा वाद वऱ्हाडात पेटला. साहेबांनी पंचनाम्यासाठी कागद मागवला. तिकडे होडीवरच्या माणसाने ओरडून सांगितलं, "पानी चाललं रे!"

तेव्हा तुळशीराम उठला. तुळशीराम हा जयदेवचा जिवलग दोस्त. मुंबईला गोदीत नोकरी, डोक्याला टक्कल, पुढे पोट, आणि थोरली मुलगी लग्नाला आलेली. तो उठतोय म्हटल्यावर रामचंद्राने त्याचा सदरा धरून खाली ओढला. पण दोस्ताचं लग्न मोडणार, या विचाराने तुळशीराम पेटला होता.

"सायेब, मना बघा! आमी दोघं एकाच म्हैन्यात जन्मलो. उलट जयदेव माज्याहून आठवडाभर मोठा हाय. गोदीत माजं वय लिवलंय, छत्तीस पूर्ण! इचारा कोनालाबी!"

साहेबांनी तुळशीरामचं टक्कल पाहिलं, जयदेवचे गुळगुळीत गाल पाहिले. यशोदाबाईने मान डोलावली, सगळ्या वऱ्हाडाने डोलावली. "मग हरकत नाही," म्हणून साहेब खाली बसले.

आता गोटीराम उभा राहिला.

"छत्तीस? तुमी एकवीस म्हनालाव!"

"मी कवा? तुमीच म्हनालाव. मी समजा म्हनालो."

"माजी पोर अठराची, नि हा छत्तीसचा? दुप्पट? मोडलं हे लगीन!"

जयदेवचे डोळे भरून आले, आणि त्यामुळे तो आणखीच लहान दिसू लागला.

या गोंधळात अंतरपाट धरणाऱ्यांचे हात केव्हाच खाली आले होते. नवरी दमयंती सकाळपासून रडत होती, सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून. तिने पदराने डोळे पुसले आणि जयदेवकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"बाबा, मना हाच पायजे," ती म्हणाली. "मना वाटलं तुमी माज्या पदरात पोर बांधताव. म्हनून मी रडत व्हते."

"गप बस! तू अठरा वर्सांची..."

"अठरा?" सगुणा धवलारीण म्हणाली. मघापासून गळ्यात अडकलेलं गाणं तिला छळत होतं. "गोटीराम, हिच्या पाचवीला मी गायले. तवा माज्या तोंडात सगले दात व्हते."

सगुणाच्या तोंडात आता एकही दात नव्हता, हे साऱ्या मांडवाला दिसत होतं.

फौजदारसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे? मुलीचं नक्की वय काय?"

गोटीरामने सगुणाकडे पाहिलं. तिने पुढचं सांगायला तोंड उघडलंच होतं. मग त्याने खाडीकडे पाहिलं. होड्या हळूहळू चिखलात बसत होत्या, आणि लग्न मोडलं तरी हे सगळं वऱ्हाड पुढच्या भरतीपर्यंत त्याच्याच दारात जेवणार होतं.

"अठराच ना?" साहेबांनी विचारलं.

गोटीरामने खाली पडलेलं अंतरपाटाचं टोक स्वतःच्या हाताने उचललं.

"समजा," तो म्हणाला.