चौसष्ट झगे आणि डबल खळ

"झगा असा हवा की आत माणूस नसला तरी ताठ राहिला पाहिजे!" असं थोरलीचं मत होतं. आणि थोरलीचं मत म्हणजे निकाल, हे त्या गल्लीत कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाशी तिची लॉन्ड्री. चाळीस वर्षं झाली. शाळेत ती तिसरीपर्यंत गेली आणि मग शाळेलाच म्हणाली, आता पुरे. पण कापडावरचा डाग नुसता बघून तो कशाचा, कधीचा आणि कोणापासून लपवायचाय, हे ती सांगायची. लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीपलीकडे मोठं कॅथेड्रल. आठशे वर्षांचं, दगडी, उंचच उंच. आत कुणी शिंकलं तर ती शिंक वर जाऊन सगळ्या कमानी हिंडायची आणि माणूस रुमाल खिशात घालेस्तोवर परत यायची!

त्या वर्षी तिथे रेक्विएमची शंभरी होती. रेक्विएम म्हणजे गेलेल्या माणसांना शांती मिळावी म्हणून जिवंतांनी मिळून गायची लांबलचक प्रार्थना. शंभर वर्षांपूर्वी ती इथे पहिल्यांदा गायली गेली, म्हणून यंदा मोठा थाट. चौसष्ट गाणारे, पुढ्यात वाजवणारे, आणि सगळ्यांच्या समोर हातात काडी घेऊन हवा ढवळणारे एक गृहस्थ. त्यांना सगळी गल्ली काडीवाले सर म्हणायची.

आणि त्या चौसष्टांत थोरलीची सून!

सूनबाई नऊ वर्षं मागच्या रांगेत गात होती. घरात मात्र तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता, कारण थोरली बोलायला लागली की घरात दुसऱ्या आवाजाला टेकायला जागाच उरत नसे. पण यंदा एकटीने गाणाऱ्या बाईंचा घसा ऐन वेळी बसला, आणि काडीवाले सरांनी नाइलाजाने सूनबाईला उभं केलं. सोळा ओळी. अगदी हळू आवाजातल्या, मागे वाद्यं जेमतेम श्वास घेतल्यासारखी. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जमलं तर पुढची रांग. नाही जमलं तर पुन्हा विचारू नका."

सूनबाईने हे घरात सांगितलं तेव्हा थोरली चादरीच्या घड्या घालत होती.

"हं," ती म्हणाली. "सोळाच का?"

एवढंच! सूनबाई गुपचूप आत गेली. थोरलीच्या छातीत मात्र ढोल वाजत होते. पण सुनेचं तोंडावर कौतुक केलं की दूध उतू जातं आणि सून पण, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. ते शिक्षण मात्र पक्कं झालेलं!

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलचे चौसष्ट पांढरे झगे धुवायला आले. सोबत कार्यालयातल्या बाई.

"नुसते धुऊन द्या हं. खळ अजिबात नको. सरांनी मुद्दाम सांगितलंय."

"खळ नको?" थोरलीने कमरेवर हात ठेवले. "का? सरांना कपडे कळतात?"

"तसं नाही, पण—"

"मी त्यांना कधी सांगितलं का, काडी अशी धरा म्हणून?"

बाई निघून गेल्या. थोरलीने झगा उचलून बघितला. लिबलिबीत! जणू पावसात भिजलेली कोंबडी. आमच्या घरची बाई शंभर वर्षांतून एकदा उभी राहणार, आणि अंगावर हे? तिने तांदळाची खळ शिजवायला घेतली. मोठ्या पातेल्यात. मग त्याहून मोठ्या पातेल्यात.

वरच्या मजल्यावर राहणारी तिची जाऊ, धाकटी, जिन्यातून डोकावली. "जाऊबाई, एवढी खळ? भिंतीवर कागद चिकटवायचेत का?"

"तुझ्या तोंडाला लावायचीय. ये खाली!"

चौसष्ट झग्यांना डबल खळ बसली. सूनबाईच्या झग्याला तीन वेळा. वर इस्त्री अशी फिरवली की घडीवर भाजी चिरावी! कार्यक्रमाच्या दुपारी झगे पोचते केले, तेव्हा कॅथेड्रलच्या सगळ्या किल्ल्या सांभाळणारा चावीवाला ते हँगरवरून काढून भिंतीला टेकवत गेला. झगे आपले आपण उभे!

"वा!" तो म्हणाला. "पहारेकरी ठेवलेत वाटतं!"

थोरली फुगली. नवऱ्या मुलाची आईसुद्धा इतकी फुगत नसेल.

कपडे बदलायच्या खोलीत मात्र गडबड झाली. खर्जात गाणारे दातांचे डॉक्टर दोन्ही हात आडवे धरून बुजगावण्यासारखे उभे.

"मावशी, हात खाली येईना हो!"

"खाली कशाला हवाय? पुस्तक धरायचंय ना? आयता वर आहे!"

सूनबाई कोपऱ्यात उभी होती. पांढरीफटक. झगा पांढरा की सून पांढरी, कळेना. "आई," ती पुटपुटली, "हा आवाज करतोय."

"नव्या कपड्याचा आवाज येतोच. पाठ सरळ ठेव," थोरली म्हणाली आणि पहिल्या रांगेत धाकटीच्या शेजारी जाऊन बसली. ठेवणीतला जांभळा पोशाख, केसांना तेल, मांडीवर भली मोठी पिशवी. पिशवीशिवाय थोरली स्वर्गातसुद्धा जाणार नाही.

कॅथेड्रल गच्च भरलेलं. काडीवाले सर आले. त्यांनी काडी उचलली. गाणारी मंडळी उठली.

खर्रर्रर्र!

पत्र्यावर वाळूची गाडी रिकामी करावी तसा आवाज! तो वर गेला, कमानी हिंडला आणि दुप्पट होऊन खाली आला. सरांची काडी हवेतच थिजली.

सुरुवात अगदी हळू होती. म्हणजे असावी. कारण ऐकू काही येईना! चौसष्ट माणसं एकदम श्वास घ्यायची, खर्र! सोडायची, खर्र! पान उलटलं की शेजाऱ्याच्या बाहीवर बाही आपटून, खटॅक्! श्रोत्यांत मागच्या रांगेतले एक आजोबा बायकोला म्हणाले, "छप्पर कोसळतंय का गं?"

पहिला भाग संपला. सरांनी बसायची खूण केली. मंडळी बसली, पण झगे बसले नाहीत! ते तसेच ताठ राहिले आणि माणसं आत खाली गेली. कॉलर कानांच्या वर. डॉक्टरांचं तर नुसतं टक्कल दिसत होतं, टोपलीतल्या अंड्यासारखं.

धाकटीने तोंडावर रुमाल दाबला. "जाऊबाई, सगळ्यांत मोठ्याने तुमची खळ गातेय हो!"

एरवी थोरलीने तिथल्या तिथे तिचा मुरांबा केला असता. पण तिला ऐकूच गेलं नाही. ती सूनबाईकडे बघत होती. सूनबाई आजच्यापुरती गाणाऱ्यांच्या पहिल्या बाकाच्या टोकाला, कॉलरीत हनुवटी बुडवून, डोळे मिटून बसली होती. तिचे ओठ हलत होते. सोळा ओळी. हळू आवाजातल्या. आणि तिच्याच झग्याला तीन वेळा खळ!

नऊ वर्षं या पोरीने घरात आवाज काढला नाही. आणि आज काढणार, तर तो आपण शिजवलेल्या खळीत बुडणार!

आता काय? तेवढ्यात बिशप उठले. गाण्याच्या मध्ये त्यांचं दहा मिनिटांचं भाषण होतं, आणि भाषण झालं की लगेच सूनबाई. थोरलीने पिशवी चाचपली. इस्त्रीचं पाणी मारायची बाटली! ती तिच्या पिशवीत कायम असते. खळ कशाने उतरते? पाण्याने!

"कुठे निघालात?" धाकटी.

"खोकला येतोय."

"मग खोका की!"

थोरली खांबाआडून सटकली, वळसा घालून गाणाऱ्यांच्या बाकांच्या मागे गेली आणि पासष्टाव्या वर्षी चार पायांवर आली. जांभळ्या पोशाखात, हातात बाटली! बिशप म्हणत होते, "जे गेले, ते आपल्यात नसतील, पण..."

फुस्स!

"आई गं!" शेवटच्या रांगेतल्या एक बाई किंचाळल्या. बिशप थांबले. त्यांना वाटलं, बाईंना गेलेलं कुणी आठवलं. त्यांनी मायेने मान हलवली आणि पुढे बोलू लागले.

फुस्स! फुस्स! रांगेमागून रांग. कुणी दचकलं, कुणी वर छताकडे बघितलं. एकाने तळहात पुढे करून पाऊस आहे का बघितलं. लोकांना वाटलं, काय भाषण आहे, गाणारे हेलावून गेलेत! डॉक्टरांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण कॉलरीने वळू दिली नाही. पहिल्या बाकापाशी येईतो निम्मी बाटली उरली होती. ती सगळी थोरलीने सूनबाईच्या पाठीवर रिकामी केली.

आणि खरंच, आवाज थांबला! खर्र नाही, खटॅक् नाही. थोरलीने कपाळाचा घाम पुसला. बघा! चाळीस वर्षांचा अनुभव आहे!

पण त्या चाळीस वर्षांत खळीचे कपडे अंगावर ओले करून, वॉर्निशच्या बाकांवर, मोठ्या दिव्यांच्या धगीखाली दहा मिनिटं कुणाला बसवायचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता. ओली खळ म्हणजे काय? गोंद! धाकटी जिन्यातून बोलली होती ते निराळं काय होतं!

भाषण संपलं. काडीवाले सरांनी उभं राहायची खूण केली.

कुणी उठेना.

सरांनी पुन्हा खूण केली. मधली रांग थोडी उचलली गेली, अख्खी, एकाच माणसासारखी, आणि बाकही जरासा उचलला गेला. मग सगळं तसंच धप्पकन खाली. डॉक्टर शेजारच्याला चिकटले होते, शेजारचा बाकाला आणि बाक त्याच्या शेजारच्याला. सरांचा चेहरा इस्त्रीने जळालेल्या शर्टासारखा झाला. थोरलीने बाकाआडून निसटायला बघितलं, तर तिचा कोपर सूनबाईच्या पाठीला चिकटलेला!

सूनबाईने एकदा उठायला बघितलं. नाही. पुन्हा बघितलं. नाही. वाद्यं सुरू झाली होती, अगदी हळू. थोरलीने डोळे मिटले. देवा, माझं काय करायचं ते कर, पण या पोरीला सोडव!

सूनबाईने खाली बघितलं. मग शांतपणे झग्याची बटणं काढली. एक, दोन, सात. आणि शेंगेतून दाणा निघावा तशी ती झग्यातून बाहेर आली. आत रोजचाच निळा पोशाख, बाहीला रफू केलेला. झगा मागे तसाच बसून राहिला, थोरलीच्या कोपरासकट!

आणि ती गायली.

आता आवाज होताच कुणाचा? त्रेसष्ट माणसं जागच्या जागी चिकटलेली. श्वाससुद्धा बेताने घेत होती, न जाणो आणखी काही चिकटायचं! त्या दगडी पोकळीत एकटा तिचा आवाज वर चढत गेला. बारीक, स्वच्छ, न घाबरता. थोरली गुडघ्यांवर, रिकाम्या झग्यामागे, सोळाच्या सोळा ओळी ऐकत राहिली. तिला शब्द कळले नाहीत. त्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण आपली आई गेली तेव्हा कामाच्या गर्दीत रडायचं राहून गेलं होतं, ते तिला तिथे बाकामागे आठवलं. आणि बाकामागे कुणी बघत नव्हतं, तेव्हा तेही उरकून घेतलं.

संपल्यावर टाळ्या वाजल्या त्या अशा की कबुतरं उडाली! मंडळींनी पुढचं सगळं बसूनच म्हटलं, आणि छान म्हटलं.

नंतर लोक काडीवाले सरांचा हात सोडेनात. "काय कल्पना! सगळे निश्चल बसलेले, आणि मधून एकच साधी बाई झगा टाकून उठते! मरणातून जीव उठावा तसं!"

सरांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "हो. बरेच दिवस डोक्यात होतं."

ते सूनबाईलाही म्हणाले, "उद्यापासून पुढची रांग."

तिकडे चावीवाला बाक पुसत फिरत होता. "पाणी आलं कुठून पण?"

"छप्पर!" थोरली कोपरावरचा पांढरा पापुद्रा खरवडत म्हणाली. "गळतंय. मी किती दिवस सांगतेय!"

"पण बाहेर ऊन आहे."

"मग जुनं पाणी असेल! आठशे वर्षांचं छप्पर आहे, साठवलं असेल!"

चावीवाल्याने मान डोलावली. धाकटीने डोळे बारीक करून पिशवीकडे बघितलं. बाकी संशय कुणाला आला नाही. थोरली सुटली! गंगेत घोडं न्हालं, आणि कुणी न्हाऊ घातलं ते कुणाला कळलंही नाही.

घरी जाताना सासू-सुना दोघीच होत्या. सूनबाई मधूनच थोरलीकडे बघायची आणि पुन्हा रस्त्याकडे. शेवटी धीर करून म्हणाली, "आई, कसं झालं हो?"

थोरलीच्या जिभेवर "बाहीचा रफू दिसत होता" हे आलेलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने सुनेचा हात धरला.

"पोरी," ती म्हणाली, "फार गोड झालं. एकेक अक्षर पोचलं बघ. मी तिथे, बाकामागे गुडघ्यांवर बसले होते ना, तिथपर्यंत स्पष्ट येत होतं!"

सूनबाई चालता चालता थांबली.

"बाकामागे?"

थोरली दिव्याच्या खांबाकडे बघू लागली. खांब तसा चांगलाच होता.