बोट कुणाला लागते

जहाजाच्या फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता, 'प्रवासात मळमळ किंवा चक्कर यांचा त्रास होणाऱ्या व्यक्तीचे नाव'. विभावरीने तिथे पेन्सिलीने 'स्पृहा, वय पाच' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"रद्दच करू या," तिचा नवरा विक्रांत म्हणाला. "सोमवारी दुपारपर्यंत मुदत आहे. म्हैसूरहून मडिकेरीच्या घाटात जाताना पोरीसाठी तीनदा गाडी थांबवावी लागते. भर समुद्रात 'जरा बाजूला घ्या' म्हणून कुणाला सांगणार?"

टेबलापलीकडे विभावरीचे वडील, दामोदरराव ऊर्फ अप्पा, जुना नकाशासंग्रह उघडून बसले होते. पस्तीस वर्षं त्यांनी म्हैसूरच्या शाळेत भूगोल शिकवला होता. सगळे महासागर, सगळे प्रवाह त्यांनी खडूने फळ्यावर काढले होते, पण स्वतः कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. कोचीहून निघणाऱ्या या चार दिवसांच्या सफरीचं आरक्षण विभावरीच्या आईने, सुमित्राबाईंनी, दवाखान्यातल्या खाटेवरून करायला लावलं होतं. "ह्यांना एकदा समुद्र दाखवा ग," एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांना जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत अप्पांनी स्वतःहून कपाटातून काढलेली पहिली वस्तू म्हणजे हा नकाशासंग्रह.

"मुलीला सोसत नसेल तर नको," अप्पा म्हणाले आणि पुस्तक मिटलं. ते मिटतानाचा आवाज विभावरीला फार मोठा वाटला.

गाडी लागणं या घरात पिढीजात होतं. आधी आईला लागायची. घाट सुरू झाला, की आई म्हणायची, "थांबवा बाई, मला मळमळतंय." अप्पा तिला सोबत म्हणून खाली उतरायचे आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगायचे, "हिच्या पोटापायी मला आजवर एकही घाट सलग बघायला मिळालेला नाही." आई हसायची. आई गेली आणि स्पृहाचं सुरू झालं. गाडीने चार वळणं घेतली, की ती ओरडायची, "तले तिरगतंय!" डोकं गरगरतंय, याला घरात असंच म्हणत. निम्मं कानडी, निम्मं मराठी. मग अप्पा तिला घेऊन झाडामागे जायचे आणि रुमालाने तोंड पुसत परत यायचे. स्पृहा मात्र परत आल्या आल्या बिस्किटं मागायची. लहान मुलांना दुःख असं पोटातून जाणवतं, असं विभावरीने कुठेतरी वाचलं होतं. ते तिला पटलंही होतं.

पण या खेपेला घरात पाहुणे होते. विक्रांतचे वडील येसाजीराव आठ दिवसांसाठी साताऱ्याहून म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या या नव्या घरी आले होते.

"रद्द कशाला?" ते म्हणाले. "बत्तीस वर्षं एस्टी हाकलीय मी. खंबाटकी, पसरणी, वरंध. गाडी लागणं हा आजार न्हाय, ती सवय हाय. आन सवय मोडता येती. मला रविवारपातुर टाइम द्या."

दुसऱ्या दिवसापासून प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी स्पृहाला झोपाळ्यावर बसवून अर्धा तास झोके दिले. ती आणखी मागू लागली. दुसऱ्या दिवशी जेवल्याबरोबर हातांना धरून गरगर फिरवलं. येसाजीरावांनाच भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला रिक्षात घालून हेब्बाळपर्यंत नेलं आणि प्रत्येक गतिरोधकावर तिची नाडी बघितली. ती पूर्ण वेळ गाणी म्हणत होती.

"बघ सूनबाई, मोडली का न्हाय सवय?" येसाजीराव मिशीवर हात फिरवत म्हणाले.

विभावरीला आनंद झाला, आणि आश्चर्यही वाटलं. "आबा, पण पाणी वेगळं असतं."

"मग रविवारी पाण्यावर परीक्षा! मास्तर, तुमी बी चला. जहाजात तुमीच तिच्याजवळ बसणार."

अप्पांचा चहाचा कप वाटेत थांबला. "मी? मी सुम्ने, उगीच कशाला? काठावरनं बघतो की."

"अहो, भूगोलाचं मास्तर तुमी, आन पाण्याला भिता?"

"इल्ला, इल्ला," अप्पा घाईने म्हणाले. "भीती कसली? येतो."

रविवारी सकाळी सगळे कारंजी तलावावर गेले. पायडलची बोट मिळाली. पुढे दोघे आजोबा, मागे स्पृहा. तिच्या गळ्यात छोटी पर्स होती. पर्समध्ये आजीची आवळासुपारीची डबी आणि एक कागदी पिशवी. आईने केलेली ही शेवटची आवळासुपारी. त्यानंतर घरात कुणी केली नव्हती. विभावरी लिंबू आणि पाण्याची बाटली घेऊन काठावर उभी राहिली. विक्रांत घड्याळ लावून बसला. वीस मिनिटं टिकली तर पास.

पहिली आठ मिनिटं उत्तम गेली. येसाजीराव सुकाणूचा दांडा एस्टीच्या थाटात दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि समोर बगळा आला तरी भोंग्यासारखा आवाज काढत होते. मग तळ्याच्या मध्यावर त्यांना घाट आठवला.

"हे बघ पोरी, खंबाटकीचं वळण!" त्यांनी दांडा पुरता एका बाजूला ओढला. बोट जागच्या जागी गोल फिरली. एकदा, दोनदा. अप्पांचे पाय पायडलवरून सुटले. ते एकदम ताठ बसले आणि दूर क्षितिजाकडे बघू लागले. क्षितिज मात्र एका जागी राहत नव्हतं.

"तले तिरगतंय!" स्पृहाची किंकाळी काठापर्यंत आली.

येसाजीरावांनी हे शब्द आयुष्यात पहिल्यांदाच ऐकले होते.

"तळं फिरायचंय? मग फिरवतो की!" ते खूश होऊन म्हणाले आणि जोरात पायडल मारू लागले.

"आबा, तले तिरगतंय! तले, तले!"

"व्हय व्हय, सगळं तळं! कडंकडंनं जाऊ, मग आनी एक वळण!"

"आबा!" विभावरी काठावरून ओरडली. "तळं नव्हे! तले! तले म्हणजे डोकं!"

एवढ्या लांबून येसाजीरावांना फक्त 'तळं' ऐकू आलं. त्यांनी सुनेला हात केला. "ऐकलं, ऐकलं! दोन फेऱ्या मारतो!"

विक्रांतने घड्याळ बंद केलं. विभावरीने लिंबू फेकायचा विचार केला, नेम लागणार नाही म्हणून सोडून दिला आणि बोटवाल्याकडे धावली. त्याने शांतपणे विडी विझवली, वल्ह्यांची होडी काढली आणि दोरी बांधून तिघांना ओढत काठावर आणलं. येसाजीराव पुढे ओणवे होऊन दोरी सांभाळत होते, अप्पा मागे स्पृहाकडे वळून बसले होते. स्पृहाच्या हातात कागदी पिशवी होती. तोंड घट्ट मुडपलेली आणि वजनदार.

"यार्गे वांती?" बोटवाल्याने विचारलं. कुणाला उलटी झाली?

"ननगे!" स्पृहाने पिशवी उंच धरून अभिमानाने सांगितलं. मला!

"पोरगी नापास," येसाजीराव खिन्नपणे म्हणाले. "चूक माजीच. पण मला वाटलं, ती तळंच म्हणतीया."

"असू द्या हो," अप्पा क्षीण आवाजात म्हणाले. त्यांनी झाडाला एक हात लावला होता. "लेकराचं पोट ते. आजीवर गेलीय." विक्रांत फोनवर सफर रद्द करायचं पान शोधू लागला.

विभावरीने स्पृहाला नळाशी नेलं, तोंड धुण्यासाठी ओंजळीत पाणी घेतलं आणि थांबली. पोरीच्या फ्रॉकवर एक डाग नव्हता. गाल लाल होते. तोंडाला आवळासुपारीचा वास येत होता.

"अम्मा, चुरमुरी घे ना. खूप भूक लागलीय."

विभावरी खाली बसली. "स्पृहा, खरं सांग. उलटी कुणाला झाली?"

स्पृहाने मागे वळून अज्जाकडे बघितलं. मग आईच्या कानाशी तोंड आणलं. "ते गुट्टू आहे. कुणाला सांगायचं नाही."

"कुणी सांगितलं?"

"अज्जीनं. अज्जाचं तोंड पांढरं झालं आणि ते बोलायचे थांबले, की आपण ओरडायचं. आपल्याला होतंय म्हणायचं. मग गाडी थांबते. अज्जांना स्वतः सांगायला लाज वाटते ना." तिने पर्सचं बटण लावलं. "आधी अज्जीच म्हणायची. मग दवाखान्यात गेली, तेव्हा म्हणाली, पुट्टी, आता हे काम तुझं."

नळ वाहत राहिला. विभावरीला आईने थांबवलेले सगळे घाट आठवले. प्रत्येक वळणावर ती खाली उतरायची, पदराने कोरडंच तोंड पुसत परत यायची आणि आपल्या पोटावरची थट्टा ऐकून हसायची. चाळीस वर्षं. तिने नळ बंद केला. एक ओंजळ पाणी स्वतःच्या तोंडावर मारलं.

"अम्मा, तू रडतेस?"

"नाही ग. चल, चुरमुरी घेऊ. दोन पुड्या."

परत आल्यावर तिने विक्रांतच्या हातातला फोन काढून घेतला. "आजचा दिवस थांब," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी अप्पा पुन्हा टेबलाशी बसले होते. नकाशासंग्रह मिटलेलाच होता, पण त्यावर त्यांचा हात होता. विभावरी फॉर्म घेऊन समोर बसली. तिने खोडरबर घेऊन स्पृहाचं नाव पुसलं आणि पेनाने ठसठशीत लिहिलं, 'विभावरी, वय सदतीस'.

"हे काय?" अप्पांनी चष्मा वर केला. "तुला कधी गाडी लागली?"

"गाडी नाही, बोट लागते मला. आज काठावर नुसतं बघूनच गरगरलं. असं लिहिलं, की जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची खोली देतात. तिथे कमी हलतं म्हणे. अप्पा, तुम्ही माझ्याच खोलीत राहा. मला एकटीला भीती वाटेल. स्पृहा राहील तिच्या बाबाबरोबर वर, ती ठणठणीत आहे."

अप्पांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. आतल्या खोलीत स्पृहा येसाजीरावांकडून 'तले' आणि 'तळे' घोकून घेत होती. ते अजूनही चुकत होते.

"तूही आईवरच गेलीस," अप्पा शेवटी म्हणाले. त्यांनी नकाशासंग्रह उघडला आणि अरबी समुद्राचं पान काढलं. मग टेबलावर पडलेल्या नातीच्या पर्समधून आवळासुपारीची डबी काढली. "ही मग तुझ्याजवळ ठेव. लागेल तुला."

डबी तिच्या हातात द्यायच्या आधी मात्र त्यांनी तिच्यातले चार-पाच तुकडे काढून, रुमालात बांधून, हळूच आपल्या खिशात टाकले. विभावरी तेवढ्या वेळात फॉर्मवरची तारीख लिहीत होती.