एक नंबरची कोरी जर्सी

कपड्यावरचा डाग बघून मी माणसाचा आख्खा आठवडा सांगू शकतो. बढाई मारत नाही, तेवीस वर्षं लॉन्ड्री चालवतोय. बाहीच्या कोपराला शाई असली तर माणूस कचेरीत टेबलावर झोपतो. गुडघे मळलेले असले तर घरात नातवंड आहे आणि आजोबांचा घोडा झालाय. त्यामुळे आमच्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर कपच्या सामन्यात काय करत होता, हे सांगायला मला मॅच बघायचीसुद्धा गरज नव्हती. तरी मी बघितली, आणि ती डोक्यात घेऊन घरी आलो, हीच चूक झाली.

रविवारी दुपारी आम्ही घरच्या मैदानावर हरलो. शून्य-तीन. पहिला गोल पेनल्टीवर गेला, तिसरा आमच्याच माणसाच्या पायाला लागून गेला. पण दुसरा! चाळीस पावलांवरून मारलेला, फुग्यासारखा तरंगत आलेला चेंडू. तो येतोय, येतोय, आणि आमचा गोलकीपर उभा. चेंडू त्याच्या कानाजवळून आत गेला तेव्हा त्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बसमध्ये शेजारी कोणीतरी येऊन बसलंय.

मैदानातून परतताना सगळे पाण्यातून चालल्यासारखे चालत होते. मी दुकानात आलो आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसलो. मशीनच्या गोल काचेमागे टॉवेल फिरत असले की माझी तंद्री लागते. त्या संध्याकाळीही लागली. टॉवेल वर चढत होते, सावकाश घसरत होते, आणि त्यांच्यातून मला मैदान दिसत होतं. माझ्या मॅचमध्ये गोलकीपर झेपावला, चेंडू छातीशी धरला, आम्ही जादा वेळेत एक गोल केला आणि जिंकलो. मग मी मॅच पुन्हा पहिल्यापासून लावली. मधेच क्लबचा शिपाई संघाच्या कपड्यांचं पोतं टाकून गेला. बायको मागे काहीतरी बोलत होती. ती बोलतच असते.

सोमवारी सकाळी बायको मशीनचा पट्टा आणायला बाजारात गेली आणि मी पोतं उघडलं. चिखल म्हणजे किती चिखल असावा? गोलपुढचा पाण्याचा नळ आठवडाभर फुटलेला होता, त्यामुळे एकेक जर्सी खरवसासारखी थरथरत पोत्यातून बाहेर आली. आणि टेबलाच्या टोकाला, पंख्याखाली, एक जर्सी पसरलेली होती. पिवळी. एक नंबर. गोलकीपरची.

तिच्यावर एकही डाग नव्हता.

मी ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. काही नाही. तीन गोल खाऊन माणसाच्या अंगाला मातीचा कण लागत नाही म्हणजे काय? म्हणजे तो पडलाच नाही. एकदाही नाही.

"बघ," मी मेहुण्याला म्हणालो. माझा मेहुणा बस चालवतो आणि फेरीच्या आधी रोज माझ्याकडे चहा पितो.

त्याने जर्सी हातात घेतली. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "भाऊजी, याला तर घामाचा वाससुद्धा नाही."

"कसा असेल? घाम यायला हलावं लागतं."

तेवढ्यात मास्तर आले. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि जगात गोलकीपरची बाजू घेणारे ते एकटेच उरले आहेत. त्यांनी जर्सी नाकाशी नेली.

"साबणाचा वास येतोय," ते म्हणाले.

"म्हणजे अंघोळ करून आला होता," मेहुणा म्हणाला. "लग्नाला आल्यासारखा."

"अहो, पण जरा कोन समजून घ्या," म्हणत मास्तरांनी माझ्या बांधणीच्या कागदावर पेन्सिलीने गोल काढला, चेंडू काढला आणि गोलकीपर काढला. चित्र फार सुंदर होतं. गोलकीपर मात्र त्यातही उभाच होता.

"बघा, तुम्हालासुद्धा तो पडलेला काढता आला नाही," मी म्हणालो. मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण हातात पुरावा असला की माणसाला गप्प बसवत नाही. मी जर्सी हँगरला लावली आणि दुकानाच्या काचेत टांगली. बाजूच्या चाव्यावाल्याने बघितली. त्याने न्हाव्याला बोलावलं. न्हाव्यामागून त्याचं गिऱ्हाईक आलं, अर्ध्या गालाला फेस लावलेलं. अकरापर्यंत माझ्या दारात एवढी माणसं जमली की इतकी तर रविवारी मैदानात नव्हती. मी आतून बाहेर, बाहेरून आत करत सगळ्यांना समजावत होतो. लोक ऐकत होते. मला थोडं तरंगल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग गर्दी बाजूला झाली आणि क्लबचे सेक्रेटरी आले. शांत माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि काचेपुढे बराच वेळ उभे राहिले.

"नऊ वर्षं खेळतोय आपल्याकडून," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पण हे काही बरोबर नाही. रविवारपासून दुसऱ्याला उभं करतो."

ते गेले. कोणी टाळी वाजवली नाही. मास्तर तर खाली बघत राहिले. मी आपला उगाच इस्त्री गरम आहे का ते बघायला आत गेलो.

बायको बाराला आली. गर्दीतून वाट काढत, मशीनचा पट्टा खांद्यावर टाकून. काचेपुढे थबकली.

"ही इथे का टांगलीत? शिवणीत ओल असेल अजून, म्हणून तर पंख्याखाली पसरली होती."

"ओल?" मी म्हणालो.

"काल संध्याकाळी धुतली ना मी. सगळ्यांत जास्त ह्याच जर्सीला चिखल होता. पोत्यात राहिली असती तर डाग गेलेच नसते. तीनदा पाणी बदललं, दोन पाणी तर काळी कॉफी."

मी जर्सीची शिवण चाचपली.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तुम्ही 'हं' म्हणालात. मग म्हणालात, थांब, कॉर्नर आहे."

मेहुण्याला आठवलं की त्याच्या बसची वेळ होऊन गेलीय. न्हाव्याला गिऱ्हाईकाचा दुसरा गाल आठवला. पाच मिनिटांत दारात फक्त मास्तर राहिले, आणि त्यांनी वाकडा झालेला हँगर सरळ केला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि जर्सी उतरवून माझ्या हातात दिली. "आधी त्याला सांगा. मग सेक्रेटरींना. आणि चालत जा, म्हणजे काय बोलायचं ते सुचेल."

चाललो. काहीच सुचलं नाही. जर्सी इतकी हलकी होती की वाटेत दोनदा हातात आहे का ते पाहिलं.

दुपारचं मैदान रिकामं होतं. बाकांवर ऊन पडलं होतं आणि गोलची जाळी वाऱ्याने आतबाहेर होत होती, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. गोलकीपर खांबाला टेकून खाली बसला होता. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं.

मी सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुम्ही किती वेळा पडलात ते माझ्या बायकोला माहीत आहे. मी उगाच तुमची बदनामी केली. आता जाऊन सेक्रेटरींना सांगतो."

त्याने गवताची एक काडी उपटली. "भाऊ, एक विचारू? बाजारामागच्या गल्लीत ती गच्ची आहे, ती तुमचीच ना?"

त्याने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. दोन छपरांच्या मधल्या फटीतून माझी गच्ची दिसत होती. दोरीवर चादरी होत्या. तेवीस वर्षांत मी ती इथून कधी बघितली नव्हती.

"काल दुसऱ्या हाफमध्ये मी ह्या बाजूला होतो," तो म्हणाला. "एकदम वारा आला आणि सगळ्या चादरी एका वेळी फुगल्या. मला वाटलं, आख्खी इमारतच निघाली कुठेतरी. इतकं छान दिसत होतं ना. आणि मग लोक ओरडले."

आम्ही दोघंही तिकडे बघत बसलो. वारा आला. चादरी फुगल्या, क्षणभर तशाच थांबल्या, आणि दमल्यासारख्या खाली आल्या. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, त्या वेळी समोरून चेंडू आला असता तर तो मलाही दिसला नसता.

"पहिल्या आणि तिसऱ्याला मी खूप प्रयत्न केला," तो म्हणाला.

"माहीत आहे. दोन पाणी काळी कॉफी," मी म्हणालो.

सेक्रेटरींच्या खोलीत मी जर्सीची हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे तो पडला होता. ठीक आहे, राहू दे त्याला. पण मग तो दुसरा गोल गेला कसा?"

"डोळ्यांवर ऊन आलं असेल."

"ऊन त्याच्या पाठीमागे होतं."

"मग वारा," मी म्हणालो. आणि यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या रविवारी लीगचा सामना होता, पुन्हा घरच्याच मैदानावर. सकाळी बायको ओल्या चादरींची बादली घेऊन गच्चीवर निघाली, तर मी जिन्यात आडवा उभा राहिलो.

"आज नको. उन्हाने रंग उडतो."

"पांढऱ्याचा?"

"आजचं ऊन वेगळं आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, बादली माझ्या पायाशी ठेवली आणि आत निघून गेली. दिवसभर चादरी दुकानात खुर्च्यांवर, इस्त्रीच्या टेबलावर, मशीनवर पसरून वाळवल्या. मी मॅचला गेलो. गोलकीपरने दोन चेंडू असे अडवले की मास्तर बाकावर चढले. आणि शेवटच्या पाच मिनिटांत एक साधा, सरळ, हळू चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला. शून्य-एक.

सोमवारी सकाळी तो स्वतः दुकानात आला. मेहुणा चहा पीत होता, तो कपात तोंड घालून बसला. गोलकीपर काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला,

"भाऊ, घरी सगळं ठीक आहे ना? काल गच्चीवर एकही चादर नव्हती. मला वाटलं तुम्ही आजारीबिजारी आहात. शेवटपर्यंत तोच विचार डोक्यात."

मी त्याला बसायला स्टूल दिलं. आतून बायको विचारत होती की रविवारी चादरी गच्चीवर वाळत घालायच्या की नाही ते एकदाच काय ते सांगा. मी 'हं' म्हणालो.