दातारकाकांचा उंबरा

सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये उंबरा असलेला एकच फ्लॅट आहे, दातारकाकांचा. जुन्या पलंगाची फळी त्यांनी स्वतःच दारात ठोकून बसवली आहे. चांगली वीतभर उंच. तिला अडखळला नाही असा मराठी माणूस या भागात सापडणार नाही.

“उंबरा नाही ते घर नव्हे, लिफ्ट आहे,” काका म्हणतात.

ते शिपयार्डमधून निवृत्त झाले, आता एकटेच असतात. मुलगा शहराच्या दुसऱ्या भागात, बिशानला. “रविवारी येतो,” असं तो दर आठवड्याला फोनवर सांगतो, आणि “बाबा, ती फळी काढा, कुणाचा तरी पाय मोडेल,” हेही.

मी वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहते. काकांकडे जाताना पाय उचलून, आवाज न करता आत शिरते. “मांजरासारखी येतेस गं!” ते दचकून म्हणतात. मला ते कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी मराठी ग्रुपबरोबर आम्ही बीजिंगचा राजवाडा पाहायला गेलो. दगडात कोरलेले ड्रॅगन, ढग, छपराच्या कडेला ओळीनं बसलेले प्राणी. सगळे माना वर करून फोटो काढत होते. काका मात्र दारोदारी वाकून उंबरे वितीनं मोजत होते, आणि मोजून झाल्यावर नमस्कार करत होते. शेवटी रखवालदार ओरडला. काका त्याला मराठीतच म्हणाले, “अहो, पाया पडतोय, उचलून नेत नाहीये!”

पुढे गाइडनं सांगितलं, की शेवटच्या राजानं पोरवयात सायकल चालवता यावी म्हणून काही उंबरे कापून टाकले. सगळे हसले. काका नाही हसले.

“गाढव कुठला. मग कोण आलं ते कसं कळणार त्याला?”

“बेल असते ना, काका,” मी म्हटलं.

“बेल कुरिअरवाले वाजवतात. आपली माणसं अडखळतात.”

मागच्या रविवारी दुपारी चारला मी खाली गेले. दार उघडं होतं. काका पाठमोरे बसले होते, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. टेबलावर दोन ताटं, दोन्ही झाकलेली.

मी सवयीनं पाय उचलला आणि थांबले. मग चप्पल फळीवर जोरात आपटली.

“आलास?” काका ताडकन उठले. वळून मला पाहिलं.

“लागलं का गं?”

लागलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं, “थोडं.”